दुचाकी सुरू होत नसेल तर तपासणी कोठून सुरू करावी

‘गाडी सुरू होत नाही’ या एका तक्रारीत तीन निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. सेल्फचे बटण दाबल्यावर काहीच घडत नाही, ही पहिली; बटण दाबल्यावर नुसती टिकटिक होते किंवा इंजिन जड होऊन कसेबसे फिरते, ही दुसरी; आणि इंजिन नेहमीच्या वेगाने फिरते, किकही व्यवस्थित बसते, पण पेट घेत नाही, ही तिसरी. पहिल्या दोन तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा बॅटरी, स्विच किंवा वायरिंगमध्ये असते, तर तिसरीचे मूळ पेट्रोल, ठिणगी, हवा आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबले जाणे) या चारांपैकी एकात सापडते. हा फरक न करता जो भाग हाताशी येईल तो खोलत किंवा बदलत गेल्यास खर्च वाढतो आणि दोष तसाच राहतो. माझ्या एका जुन्या १०० सीसी गाडीची कॉइल (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी) आणि सीडीआय (ठिणगीची वेळ सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) असे दोन्ही भाग एका गॅरेजमध्ये बदलण्यात आले, आणि दोष शेवटी ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या टोपीला गेलेल्या एका बारीक तड्यात निघाला. तडा कोरड्या हवेत त्रास देत नव्हता, पावसाळ्यात मात्र त्यातून करंट बाहेर निसटत होता.

पुढील क्रम १०० ते १५० सीसीच्या, एका सिलिंडरच्या फोर स्ट्रोक गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस ६ निकष लागू झाल्यावर नव्या गाड्यांपैकी बहुतेकांतून पेट्रोल व हवा मिसळणारा कार्ब्युरेटर गेला आणि त्याच्या जागी संगणकाच्या आज्ञेने पेट्रोल फवारणारे फ्युएल इंजेक्शन आले. तरीही शेतावर, बाजाराला आणि कामावर रोज जाणाऱ्या कार्ब्युरेटरच्या गाड्या आजही मोठ्या संख्येने वापरात असल्यामुळे आधी त्यांचा विचार केला आहे, आणि इंजेक्शनच्या गाड्यांत काय वेगळे आहे ते नंतर सांगितले आहे.

पाना हातात घेण्यापूर्वी

हँडलच्या उजव्या बाजूचा लाल किल स्विच ‘बंद’ स्थितीत तर नाही ना, हे सर्वप्रथम पाहावे. रस्त्यावर लावलेल्या गाडीचा हा स्विच लहान मुले सहज दाबून जातात, आणि मालक घामाघूम होईपर्यंत किक मारत राहतो. अलीकडच्या अनेक गाड्यांत साइड स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद पडते, काहींत ते सुरूच होत नाही. स्टँड वर घेतलेला असूनही त्याच्या स्विचवर चिखल साचल्यामुळे तो खालीच आहे असे गाडीला वाटू शकते, म्हणून स्टँड दोन-तीनदा वरखाली करावा आणि स्विच पाण्याने धुऊन पुसावा. गाडी न्यूट्रलमध्ये असावी व न्यूट्रलचा हिरवा दिवा लागलेला असावा. तो लागत नसेल तर क्लच दाबून सेल्फ मारून पाहावा.

त्यानंतर पेट्रोलकडे वळावे. पेट्रोलच्या काट्यावर विश्वास न ठेवता टाकीचे झाकण उघडून आत पाहावे आणि गाडी हलवून आवाज ऐकावा. टाकीखालचा कॉक ‘ऑन’ असूनही पेट्रोल कमी असेल तर तो रिझर्व्हला लावावा. झाकण उघडताना ‘फुस्स’ असा आवाज येऊन हवा आत ओढली गेली, तर झाकणातील हवेचे बारीक छिद्र बुजले आहे असे समजावे. टाकीत निर्वात पोकळी तयार झाल्याने पेट्रोल खाली उतरत नाही. अशी गाडी दहा-पंधरा मिनिटे उत्तम चालते, मग गचके खात बंद पडते, आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा सुरू होते.

या सर्व तपासणीत एक सावधगिरी कधीही सोडू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत साचून राहते, म्हणून काम मोकळ्या जागेत करावे, जवळ शेगडी, उदबत्ती किंवा विडी असू नये, आणि उजेडासाठी कंदील न घेता टॉर्च वापरावा. इंजिन बंद खोलीत चालू ठेवणेही तितकेच घातक आहे, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बटण दाबल्यावर काहीच होत नाही, किंवा टिकटिक होते

किल्ली फिरवल्यावर एकही दिवा लागत नसेल, हॉर्नही वाजत नसेल, तर बॅटरीजवळचा मुख्य फ्यूज आधी पाहावा. फ्यूज जळलेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवीन बसवावा. त्याच्या जागी तार किंवा चांदीचा कागद घालणे म्हणजे पुढचा शॉर्ट थेट वायरिंगला आग लावील अशी सोय करणे होय. नवीन फ्यूजही लगेच जळला तर कोठेतरी वायर सोलून फ्रेमला टेकली आहे. अशी जागा बहुधा हँडल वळते त्या मानेजवळ, सीटखाली किंवा टाकीखाली सापडते, आणि उंदरांचा वावर असलेल्या ठिकाणी गाडी उभी राहत असेल तर वायरी कुरतडल्या आहेत का, हेही तेथेच दिसते.

दिवे लागतात पण सेल्फ मारताच मंद होतात आणि सेल्फला वीज जोडून देणारा रिले टिकटिक करतो, याचा अर्थ बॅटरी उतरली आहे किंवा तिची टोके सैल वा गंजलेली आहेत. टोकांवर पांढरट-हिरवट भुकटी जमली असेल तर आधी ऋण टोक व मग धन टोक सोडवावे, गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने ती धुवावीत, कोरडी करून पॉलिश पेपरने घासावीत, आणि जोडताना आधी धन व मग ऋण टोक घट्ट करावे. मल्टिमीटर जवळ असेल तर निष्कर्ष लवकर निघतो: बारा व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी काही तास स्थिर राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२ च्या खाली असल्यास ती उतरलेली आहे, आणि सेल्फ मारताना आकडा १० च्या बराच खाली घसरत असेल तर ती भार पेलण्यास असमर्थ झाली आहे. गाडी सुरू झाल्यावर थोड्या रेसवर हाच आकडा साधारण १३.५ ते १४.५ पर्यंत चढला पाहिजे. चढत नसेल तर बॅटरी बदलून उपयोग नाही, दोष चार्जिंगमध्ये आहे.

सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा अधिक दाबून धरू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये दहा सेकंद तरी थांबावे. बॅटरी उतरली असेल तेव्हा किकचा पर्याय असतो, पण तो प्रत्येक गाडीत सारखा उपयोगी पडत नाही. जुन्या अनेक किकच्या गाड्यांत ठिणगीसाठी लागणारी वीज थेट मॅग्नेटच्या (इंजिनासोबत फिरणाऱ्या चुंबकाच्या) कॉइलमधून येते, म्हणून त्या बॅटरीशिवायही सुरू होतात. ज्या गाड्यांत ती बॅटरीतून घेतली जाते, त्या बॅटरी पूर्ण उतरल्यावर किकलाही दाद देत नाहीत.

इंजिन फिरते पण पेट घेत नाही: प्लगची परीक्षा

येथून पुढे माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे काम एकच आहे, आणि ते म्हणजे प्लग काढून पाहणे. वैद्य जशी नाडी पाहतो तसा जाणता मेकॅनिक आधी प्लग पाहतो, कारण आत पेट्रोल पोहोचते की नाही, मिश्रण कसे आहे आणि ऑइल वर चढते का, या तीनही प्रश्नांची उत्तरे त्या एका टोकावर लिहिलेली असतात. हे काम शिकण्यास अर्धा तास पुरतो, प्लग पाना गाडीसोबतच्या टूल किटमध्ये मिळतो, आणि दुचाकी चालवणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तरी स्वतःच्या हाताने करावे असे मला मनापासून वाटते.

इंजिन थंड असताना प्लगभोवतीची माती फुंकून किंवा ब्रशने झाडून काढावी, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. टोपी सरळ ओढून काढावी, तिची वायर ओढू नये. प्लग बाहेर आल्यावर त्याचे टोक नीट पाहावे. बरीच किक मारूनही टोक अगदी कोरडे असेल आणि पेट्रोलचा वास येत नसेल, तर पेट्रोल आत पोहोचत नाही. टोक पेट्रोलने भिजलेले असेल तर पेट्रोल पोहोचते आहे, पण ठिणगी पडत नाही किंवा पेट्रोल प्रमाणाबाहेर गेले आहे. कोरडी, काजळीसारखी काळी पूड दिसली तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी मिळते आहे. चोक (थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करणारी झडप) ओढलेलाच राहणे किंवा एअर फिल्टर तुंबणे ही त्याची नेहमीची कारणे होत. काळा थर चिकट, तेलकट असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीले झिजून ऑइल वर येत आहे. चांगल्या चालणाऱ्या इंजिनाच्या प्लगचे टोक फिकट तपकिरी असते.

ठिणगी तपासताना काढलेला प्लग पुन्हा टोपीत बसवावा, त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवावा, किल्ली चालू करून किक मारावी आणि टोकाकडे पाहावे. ठिणगी निळसर, जाडसर आणि ‘टक’ असा आवाज करणारी हवी. पिवळी, बारीक किंवा मधूनच पडणारी ठिणगी दाबाखालच्या मिश्रणात टिकत नाही. या वेळी प्लग हातात धरू नये, कारण तेथे हजारो व्होल्टचा दाब असतो, आणि तो प्लगच्या भोकापासून दूर ठेवावा, कारण त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते. भोकावर कापड ठेवलेले बरे.

ठिणगी नसेल तर माहितीतला चांगला किंवा नवा प्लग लावून पाहावा. गाडीत एक जादा प्लग ठेवण्याइतकी स्वस्त आणि उपयुक्त सवय दुसरी नाही. नव्या प्लगनेही ठिणगी आली नाही तर टोपी वायरवरून फिरवून काढावी, वायरचे टोक पाच-सहा मिलिमीटर छाटून तांब्याचा नवा भाग उघडा करावा, आणि टोपी पुन्हा पिळून बसवावी. टोपीच्या आत पाणी किंवा हिरवा गंज असेल तर ती बदलावी. जोराच्या फवाऱ्याने गाडी धुतल्यानंतर ती सुरू झाली नाही, तर पाणी बहुधा येथेच किंवा किल्लीच्या स्विचमध्ये शिरलेले असते. दोन्ही कोरडे केल्यावर बहुतेक गाड्या सुरू होतात. एवढे करूनही ठिणगी न आल्यास दोष कॉइल, सीडीआय किंवा मॅग्नेटजवळच्या पल्सर कॉइलकडे जातो, आणि तेथे मीटर व अनुभव दोन्ही लागत असल्याने काम मेकॅनिककडे द्यावे.

जुना प्लग स्वच्छ करायचा असेल तर पितळी ब्रशने घासावा आणि फटीचे अंतर फिलर गेजने (मोजमापाच्या पातळ पट्ट्यांनी) तपासावे. गाडीनुसार ते साधारण ०.६ ते ०.९ मिलिमीटर असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. प्लग बसवताना आधी बोटांनीच आटे धरेपर्यंत फिरवावा, मग पान्याने नवा प्लग सुमारे अर्धा फेरा आणि जुना त्याहून बराच कमी आवळावा. इंजिनाचे हेड अॅल्युमिनियमचे असते, आणि वाकडा बसवलेला प्लग जोर लावून आवळल्यास त्याचे आटे कायमचे खराब होतात.

प्लग भिजलेला असेल तर

वारंवार चोक ओढून किक मारल्याने सिलिंडरमध्ये पेट्रोल साचते. यालाच गाडी ओव्हरफ्लो झाली असे म्हणतात. अशा वेळी कॉक व किल्ली बंद करून चोक आत ढकलावा, प्लग काढून पुसावा, अॅक्सिलरेटर पूर्ण पिळून आठ-दहा किक माराव्यात, म्हणजे साचलेले पेट्रोल वाफेच्या रूपाने बाहेर जाते. त्यानंतर कोरडा प्लग लावून, कॉक उघडून, चोक न ओढता गाडी सुरू करावी. जोराने आणि घाईने मारलेल्या वीस किकांपेक्षा कॉम्प्रेशनचा दाब पायाला जाणवेपर्यंत हलकेच खाली आणून मग पूर्ण झोकात मारलेली एक किक अधिक काम करते.

कार्ब्युरेटरच्या खालच्या नळीतून पेट्रोल सतत ठिबकत असेल, तर वाटीतील पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटची (तरंग्याची) सुई कचऱ्यामुळे अडकली आहे. फ्लोटच्या वाटीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकल्यास ती अनेकदा सुटते. पण हा दोष बरेच दिवस तसाच राहिला तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पातळी वाढलेली आणि त्याला पेट्रोलचा वास आढळल्यास ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालवू नये.

प्लग कोरडा असेल तर

कार्ब्युरेटरच्या वाटीच्या तळाशी निचऱ्याचा एक स्क्रू असतो. त्याच्या नळीखाली काचेची स्वच्छ बाटली धरून स्क्रू सैल करावा. पेट्रोल अखंड धारेने आले तर पुरवठा ठीक आहे आणि दोष जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या तुकड्यात, आहे. धार लगेच आटली तर कॉक, त्याची जाळी, पाइप किंवा झाकणाचे छिद्र यांपैकी काहीतरी तुंबले आहे. बाटली दोन मिनिटे स्थिर ठेवली की पाणी तळाशी वेगळे दिसू लागते, आणि पावसाळ्यात ही परीक्षा विशेष महत्त्वाची ठरते. टाकीच्या झाकणाभोवती पडणारे पाणी खाली वाहून नेणारे छिद्र चिखलाने बुजले की ते पाणी टाकीत मुरते. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते, आणि २०२५ पर्यंत हे प्रमाण देशात सुमारे २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉल थोडे पाणी सामावून घेते, परंतु मर्यादेपेक्षा अधिक पाणी शिरताच इथेनॉल व पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून फुटते आणि तळाशी बसते. इंजिनाला पुरवठा नेमका तळातूनच होत असल्याने वर भरपूर पेट्रोल असूनही गाडी सुरू होत नाही. अशा वेळी टाकी पूर्ण रिकामी करून, सुकवून, ताजे पेट्रोल भरण्यावाचून गत्यंतर नसते, आणि झाकणाजवळचे छिद्र सायकलच्या तारेने मोकळे केल्याशिवाय हा त्रास थांबत नाही.

दोन-तीन महिने उभी असलेली गाडी मात्र वेगळ्या कारणाने अडते. वाटीतील पेट्रोल उडून जाते आणि मागे राहिलेला चिकट थर इंजिनाच्या मंद चालीसाठी पेट्रोल देणाऱ्या स्लो जेटमध्ये बसतो, ज्याचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असते. चोक ओढल्यावर सुरू होऊन चोक आत ढकलताच बंद पडणारी गाडी ही याचीच खूण होय. जेट कार्ब्युरेटर क्लीनरने भिजवून हवेच्या झोताने साफ करावा. त्यात सुई किंवा स्टीलची तार घालू नये, कारण छिद्र किंचितही मोठे झाले की मिश्रण कायमचे बिघडते. उभ्या गाडीचा एअर फिल्टरही उघडून पाहावा, कारण त्यात उंदराचे घरटे आणि सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीचे मातीचे घर, या दोन्ही गोष्टी खेड्यात वारंवार आढळतात.

इंजेक्शनच्या गाड्या

किल्ली चालू करताच टाकीतून दोन-तीन सेकंद पंपाची घूं अशी घरघर ऐकू आली पाहिजे. ती आली नाही तर बॅटरी, पंपाचा फ्यूज आणि कनेक्टर तपासावेत. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा विझायला हवा तेव्हा विझत नसेल किंवा ठरावीक लयीत लुकलुकत असेल, तर गाडी स्वतःच दोष सांगत आहे, आणि लुकलुकण्याची संख्या मोजून मेकॅनिकला सांगितल्यास त्याचे काम सोपे होते. गाडी पडल्यानंतर सुरू होत नसेल तर ती कललेली असल्याचे ओळखणाऱ्या सेन्सरने इंजिन रोखलेले असते. गाडी सरळ उभी करून किल्ली बंद करून पुन्हा चालू करावी. बॅटरी पूर्ण उतरल्यावर या गाड्या धक्का मारून सहसा सुरू होत नाहीत, कारण पंप आणि संगणक या दोहोंना आधी वीज लागते. टाकी पार कोरडी होईपर्यंत चालवणेही टाळावे. पंप पेट्रोलमध्ये बुडलेला असतानाच थंड राहतो.

पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही ठीक असताना

किक नेहमीपेक्षा हलकी, रिकामी वाटत असेल तर कॉम्प्रेशन गेले आहे. प्लगच्या भोकावर अंगठा घट्ट दाबून किक मारल्यास हवेने तो झटकला जायला हवा. तसे न झाल्यास व्हॉल्व्ह दाबून उघडणारे टॅपेट फार घट्ट असणे, व्हॉल्व्ह जळणे, रिंगा झिजणे किंवा टायमिंग चेन सरकणे यांपैकी एक कारण असते. थंड असताना सुरू होणारी पण तापल्यावर अडून बसणारी गाडी असेल तर आधी टॅपेट तपासून घ्यावेत, कारण ते काम थोडक्या खर्चात होते आणि इंजिन खोलण्याची वेळ टळते.

गाडी पाण्यात बुडाली असेल तर

२६ जुलै २००५ ला मुंबईत, ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर व सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला असंख्य दुचाकी पुराच्या पाण्याखाली गेल्या. अशा गाडीला सेल्फ किंवा किक अजिबात मारू नये. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि शेकड्यांतले काम हजारांवर जाते.

आधी बॅटरी सोडवावी, प्लग काढावा, एअर फिल्टरच्या डब्यातील आणि कार्ब्युरेटरच्या वाटीतील पाणी काढून टाकावे. प्लग बाहेर असतानाच किक हाताने सावकाश दाबून सिलिंडरमधील पाणी बाहेर पडू द्यावे, आणि त्यानंतर भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडावे. इंजिनातील जुने ऑइल दुधाळ, चहाच्या रंगाचे निघाले तर त्यात पाणी मिसळले आहे. नवे ऑइल भरून, नवा प्लग व कोरडा फिल्टर लावून, टाकीतील पेट्रोलही बदलून गाडी सुरू करावी, दहा-पंधरा मिनिटे मंद चालू द्यावी आणि ते ऑइल पुन्हा काढून तपासावे. त्यातही दुधाळपणा दिसला तर तिसऱ्यांदा बदलावे. रस्त्यावर नेण्यापूर्वी दोन्ही चाकांचे ड्रम उघडून गाळ धुवावा, कारण इंजिन सुरू झालेल्या पण ब्रेक न लागणाऱ्या गाडीचा धोका बंद गाडीपेक्षा कितीतरी मोठा असतो.